स्मरणार्थ धावलेली पहिली दौड



प्रिय व्यक्ती निवर्तली की तिच्या नावे काही करावे, ही इच्छा घरोघरी उत्पन्न होते. कोणी पाणपोई उभारतो, कोणी शाळेत पारितोषिक ठेवतो, कोणी रुग्णालयातील एका खाटेचा खर्च उचलतो. १३ सप्टेंबर १९८१ रोजी कॅनडातील सुमारे तीन लाख माणसे मात्र, एका दिवंगत तरुणाच्या स्मरणार्थ, पायांत बूट घालून रस्त्यावर उतरली. त्या सर्वांना धावण्याची सवय होती असे मानण्याचे कारण नाही.

टेरी फॉक्स हे त्या तरुणाचे नाव. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कोक्विटलम या गावी तो लहानाचा मोठा झाला. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. जगण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, असे त्याला सांगण्यात आले. आणि हाच रोग दोन वर्षे आधी झाला असता तर ती केवळ पंधरा टक्के असती, हेही कळले. या दोन आकड्यांमधील अंतर संशोधनाने तोडले होते. पुढे सोळा महिने केमोथेरपी घेताना त्याने आसपासच्या रुग्णांचे हाल पाहिले आणि कर्करोग संशोधनासाठी निधी जमवीत संपूर्ण देश धावून ओलांडण्याचा निश्चय केला. घरी हे सांगितले तेव्हा आई बेटी यांनी विरोध केला. वडील रॉली यांनी एवढेच विचारले, कधी?

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथून तो निघाला. एक पाय कृत्रिम, आणि रोजचे अंतर जवळजवळ बेचाळीस किलोमीटर. आरंभी प्रतिसाद तुरळक होता. क्यूबेक प्रांतात तर काही मोटारचालकांनी त्याला रस्त्याच्या कडेला रेटले. परंतु त्यापूर्वीच पोर्ट-ओ-बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलर त्याच्या हाती ठेवले होते, आणि माणशी एक डॉलर ही कल्पना तेथून पुढे त्याच्याबरोबर चालू लागली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी दोन कोटी एक्केचाळीस लाख डॉलरांवर गेला, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतका. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, टेरीचे निधन झाले.

ही कथा पुष्कळांच्या वाचनात आलेली असते. तिच्या पुढचा भाग मात्र संस्था चालविणाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकण्याजोगा आहे.

फोर सीझन्स या हॉटेलसंस्थेचे संस्थापक इसाडोर शार्प यांचा तरुण मुलगा १९७८ साली कर्करोगानेच गेला होता. त्या दुःखातून ते टेरीच्या पाठीशी उभे राहिले. वाटेतील आपल्या हॉटेलांत त्याची राहण्या-जेवणाची सोय त्यांनी केली, प्रत्येक मैलामागे दोन डॉलर देण्याचे वचन दिले आणि सुमारे हजार कंपन्यांना त्यात सामील करून घेतले. टेरी रुग्णशय्येवर असतानाच त्यांनी त्याला तार पाठवून कळविले, की त्याच्या नावाने दरवर्षी दौड भरवू. या सूचनेला विरोध झाला, तोही धर्मादाय क्षेत्रातूनच. कॅनेडियन कॅन्सर सोसायटीचा निधिसंकलनाचा काळ एप्रिलचा. शरद ऋतूतील दौडीने त्यास ओहोटी लागेल, अशी तिला धास्ती होती. इतर संस्थांना वाटले, की आणखी एक हात पुढे आल्यास आपल्या वाट्याला कमी येईल. ही भीती निष्कारण नव्हती. वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या कोणाही कार्यकर्त्यास ती कळेल. तरीही शार्प आणि फॉक्स कुटुंबीय मागे हटले नाहीत. पुत्रवियोगाला अडीच महिने झाले होते, तेव्हा पहिली दौड भरली आणि एका दिवसात पस्तीस लाख डॉलर जमले.

टेरीच्या इच्छेनुसार या दौडीत स्पर्धा नाही. विजेता नाही, क्रमांक नाही, पारितोषिक नाही. त्याच्या नावाचा व्यापारी लाभ कोणी घ्यावयाचा नाही. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांना सरावलेल्या डोळ्यांना ही अट थोडी कठोर वाटेल! मुंबई मॅरेथॉनच्या ‘ड्रीम रन’मध्ये, २००४ सालच्या आरंभापासून, नाना संस्थांचे फलक झळकत आलेले आहेत, आणि त्यातून कामेही उभी राहिली. दोन्ही मार्गांनी पैसा जमतो. परंतु ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्याला पहिल्या दौडीस येणे कोठे सोपे जाईल, हे सांगावयास नको. येथे घड्याळ लावलेले नसते. धावणे जमले नाही तर चालावे, चाकांच्या खुर्चीतून यावे, सायकलीवरून यावे. मध्येच डोळे भरून आले तर कडेला थांबावे. तत्पूर्वीचे काम मात्र अवघड असते. देणगीचा कागद घेऊन शेजाऱ्याच्या दारी जायचे, आणि कोणासाठी, या प्रश्नाला गेलेल्या माणसाचे नाव घेऊन उत्तर द्यायचे. ज्या घरात ते नाव महिनोन् महिने उच्चारले गेलेले नसते, तेथील माणूस त्या निमित्ताने ते दहा-वीस वेळा मोठ्याने उच्चारतो.

संकल्पाला प्रथम विरोध करणाऱ्या बेटी फॉक्स यांनी पुढची तीस वर्षे, २०११ साली स्वतःचे निधन होईपर्यंत, या कार्याला वाहिली. गावोगावच्या शाळांत जाऊन त्या मुलांशी बोलत. १९९९ सालापर्यंत ही दौड साठांहून अधिक देशांत पोहोचली होती. आजवर जमलेला निधी पंच्याऐंशी कोटी डॉलरांच्या पुढे गेला आहे. टेरीला झालेल्या त्या हाडाच्या कर्करोगात आता बहुतेक रुग्णांचा पाय वाचविता येतो.

दर सप्टेंबरात कॅनडातील शाळांच्या मैदानांवर मुले अजून धावतात. त्यांच्यापैकी कोणीही टेरीला पाहिलेले नाही. कित्येकांच्या अंगावर चिकटविलेल्या कागदावर दुसरेच नाव असते: आजीचे, काकांचे, एखाद्या वर्गमित्राचे.