घुरवा आणि वराहखत

छत्तीसगढी बोलीत ज्याला ‘घुरवा’ म्हणतात, तो मराठी शेतकऱ्याचा उकिरडा होय. रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत घरामागील या खड्ड्यात शेण, राख व पालापाचोळा साठत जातो, आणि पावसाळ्यापूर्वी तो उपसून धानाच्या शेतात नेला जातो. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, राज्य शासनाने गोधन न्याय योजना सुरू केली आणि शेण किलोला दोन रुपये दराने विकत घेतले जाऊ लागले. पुढे ती खरेदी बंद पडली. परंतु ज्या वस्तूला भाव मिळतो ती रस्त्यात पडून राहत नाही, एवढे तिने दाखवून दिले. त्या योजनेत डुकराच्या विष्ठेला मात्र स्थान नव्हते.

हे दुर्लक्ष महाग पडणारे आहे. मध्यम आकाराची दहा डुकरे वर्षाकाठी दहा टनांहून अधिक विष्ठा व मूत्र टाकतात. त्यातील नत्र टनामागे पाच किलो धरले, तरी युरियाच्या दोन-तीन गोण्यांइतके नत्र त्यात असते. त्याचा मोठा भाग मूत्रात असतो आणि मूत्र उघड्यावर राहिले की तो अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. वाड्याजवळून जाताना नाकाला झोंबतो तो वास म्हणजे हवेत विरणारे खतच होय.

स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. रायपूर हा धानगिरण्यांचा प्रदेश. तेव्हा येथील डुकराच्या खाद्यात कोंडा असणे स्वाभाविकच आहे. कोंड्यातील बहुतेक स्फुरद ‘फायटेट’ नावाच्या संयुगात बांधलेला असतो. गाईच्या पहिल्या जठरातील सूक्ष्मजीव तो सोडवून घेतात. डुकराजवळ ती सोय नाही. म्हणून धानाने जमिनीतून उचललेला स्फुरद कोंड्यावाटे डुकराच्या पोटात जातो आणि बराचसा तसाच बाहेर पडतो. तो शेतात परतला तर चक्र पुरे झाले. तळ्यात गेला तर शेवाळ व जलपर्णी माजतात, त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ज्या गावात स्नान, धुणे व गुरांचे पाणी एकाच तळ्यावर चालते, तेथे ही हानी केवळ माशांपुरती राहत नाही.

श्रीमंत देशांनाही या प्रश्नातून सुटका मिळालेली नाही. नेदरलँड्समध्ये डुकरांची संख्या जमिनीच्या पचनशक्तीपलीकडे गेल्यामुळे १९८४ साली नव्या वराहपालनावर कायद्याने निर्बंध घालावे लागले. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनात १९९५ साली विष्ठेच्या एका तलावाचा बांध फुटून सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण नदीत गेली. तेथे हजारो डुकरे एका ठिकाणी होती आणि जमीन अपुरी होती. येथे डुकरे थोडी आहेत, जमीन भोवताली पसरली आहे. तरीही खत शेतापर्यंत पोहोचत नाही.

याचे एक कारण पाऊस. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उघडा, सखल घुरवा पहिल्याच सरींत धुऊन निघतो. म्हणून ढीग उंचवट्यावर, छपराखाली आणि तळ्याविहिरीपासून दूर असावा. खडकाळ, सच्छिद्र ‘भाटा’ जमिनीत खड्डा खणल्यास त्याचा तळ चिकणमातीने लिंपणे आवश्यक आहे. नाहीतर नायट्रेट भूजलात झिरपते.

दुसरे कारण विष्ठेचे स्वरूप. तीत नत्र पुष्कळ पण कर्ब थोडा. एकटीच साठवली तर ती कुजत नाही, नासते. धानाच्या पैऱ्यात, म्हणजे तणसात, नेमके उलटे असते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण व मूत्रमिश्रित माती यांचे थर रचून खत करण्याची जी रीत बसवली, ती येथे सहज लागू पडते. पैऱ्याचा जाड थर, त्यावर विष्ठेचा पातळ थर, आणि थोड्या थोड्या दिवसांनी ढीग खालीवर करणे. आतील उष्णता ५५ अंशांवर काही दिवस टिकली म्हणजे जंतांची अंडी मरतात. बाहेरील गार थर आत गेलाच पाहिजे. हे काम कष्टाचे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते.

तिसरे कारण बोलायला अवघड आहे. डुकरे पाळणारी कुटुंबे बहुधा भूमिहीन असतात व गावाच्या कडेला राहतात. त्यांच्याजवळ खत आहे, शेत नाही. शेतकऱ्याजवळ शेत व पैरा आहे, परंतु या खताचा विटाळ त्याच्या मनात आहे. युरियाची गोणी कोणत्या हातांतून आली हे तो विचारीत नाही! ढीग पुरता कुजल्यावर त्याला वास राहत नाही, रंगही काळ्या मातीचा येतो. अक्तीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, येथे शेतीचे नवे वर्ष सुरू होते. त्या दिवसापूर्वी कुजलेले खत बांधावर पोहोचवायचे आणि त्याच्या बदल्यात पुढील हंगामाचा पैरा व रोख मोबदला आधीच ठरवून घ्यायचा, असा व्यवहार दोन घरांपासूनही सुरू करता येतो.