कृपा आणि सोवळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ख्रिस्ती धर्मात ‘कृपा’ म्हणतात ती काय, हे सोप्या भाषेत सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आपल्यात बहुतेकजणी हिंदू, काही बौद्ध. आम्ही ख्रिस्ती त्या मानाने थोड्या. म्हणून व्याख्या न सांगता आपल्याच मराठी मुलखातील दोन बायांच्या आयुष्यावरून विषय मांडते. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थे करीत हिंडले. पुराणे सांगावी, मिळेल त्यात भागवावे. पण स्नान, उपास, दानधर्म यांत कसूर नाही. पुढे १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नान्न दशा झाली आणि थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण गेली. जे जे सांगितले होते ते ते सारे केले, तरी पदरात काय पडले, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात राहिला.

१८८३ साली रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आता सुटल्या असे वाटेल. पण तेथेही नियम होतेच. अमुक मत अमुक शब्दांतच मानले पाहिजे, वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले ते निमूट ऐकले पाहिजे. पुडिंगात अंडे असते म्हणून रमाबाई ते खात नसत, तर ही जुन्या जातीचीच अढी आहे, असे तिथल्या मंडळींना वाटे. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट कळविले की, एक जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, तसलेच दुसरे घ्यायला मी तयार नाही. सत्तावीस वर्षांची विधवा, परका देश, कडेवर लहान मुलगी, पोटाला त्यांचाच आधार. अशा स्थितीत हे लिहिणे सोपे नव्हते.

तरीही मनाला स्वस्थता नव्हती. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास नेले, काम वाढले, टीकाही झाली. १८९१ साली हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळायचा आहे, असे त्यांना उमगले. आपण योग्य झाल्यावर देव जवळ करील असे नाही. आहोत तशाच त्याने जवळ केले आहे. हीच कृपा.

कोणी म्हणेल, फुकट मिळते म्हटल्यावर माणूस आळशी होईल. रमाबाई काही आळशी झाल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या तेव्हाच्या मध्यप्रांतात आल्या आणि शेकडो भुकेल्या मुली घेऊन गेल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच उभे राहिले. आधीही त्या राबतच होत्या. पण आता देवाकडे जमा मांडण्यासाठी राबण्याचे कारण उरले नव्हते.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी. त्यांच्या माहेरी वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले होते आणि त्यापायी साऱ्या घराचा जीव मेटाकुटीला येई. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात बुटींच्या आश्रयास होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी चूल आणि पाणी निराळेच ठेवीत. टिळकांनी सक्ती केली नाही. शेवटी, हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि सोवळे आपोआप गळून पडले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. याच बाई उतारवयात नागपुरास भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या.

आता गंमत पाहा. लक्ष्मीबाईंनी कोणाच्याही हातचे खाण्यास सुरुवात केली. रमाबाई जन्मभर शाकाहारीच राहिल्या. मग मोकळी कोणती? माझ्या मते दोघीही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले आहे की, खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोष लावू नये. सोवळे ताटात नसते. ‘मी तुझ्याहून बरी’ या विचारात असते.

आणि हे सोवळे आम्हा ख्रिस्ती घरांतही आहे, हे भर सभेत सांगायला मला संकोच वाटत नाही. देवळात कोण उशिरा आले, कोणाची सून शेजारी हळदीकुंकवाला गेली, याची टिपणे आम्हीही ठेवतो. आमच्या ओळखीच्या एक विधवा बाई बरेच महिने प्रभुभोजनास आल्या नाहीत. विचारले तर म्हणाल्या, “ताई, मंडळीची वर्गणी थकली आहे. कोणत्या तोंडाने येऊ?” त्यांना कोणीही मनाई केली नव्हती. पण वर्गणीची यादी वाचताना जी नजर फिरते, ती मनाई करण्यास पुरेशी असते. ज्या मेजावर कोणीच आपले मोल देऊन बसत नाही, तेथे भुकेली बाई पैशासाठी दाराबाहेर राहिली! याहून कृपेचा मोठा अवमान कोणता?

नियम नकोतच असे माझे म्हणणे नाही. मंडळ चालवायचे तर वर्गणी हवी, वेळ हवी, शिस्त हवी. नियम घराच्या कुंपणासारखा असावा. गुरे आत येऊ नयेत म्हणून, पाहुण्याला अडवण्यासाठी नव्हे.

तेव्हा या वर्षाच्या आरंभी माझी एकच विनंती. आपल्या मंडळात जी बाई येईनाशी झाली असेल, तिच्या घरी जा. का येत नाही, याचा जाब विचारू नका. तिच्याजवळ चार घटका बसा, तिच्या हातचा चहा घ्या आणि ‘चला’ म्हणा. कृपेची व्याख्या मला यापेक्षा सोपी करता येत नाही.