एकशे पंच्याण्णव जण

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण, डिसेंबर २०२५)



संयोजकांनी तंबी दिली आहे की आठवणी सगळेच सांगणार, तू वकील आहेस, तू कायद्यातलं काहीतरी सांग. तरी सुरुवात आठवणीनंच करतो.

डिसेंबर १९७१. आपण आठवीत. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद, रात्री मिट्ट काळोख. १६ तारखेला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. ९३ हजार कैदी! हा आकडा आपल्याला पाढ्यासारखा पाठ होता. नंतर वर्गात मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, ज्यांनी तिथं माणसं मारली त्यांना आता शिक्षा होणार ना?" सर म्हणाले, "होईल, पण आधी कायदा लागेल." आपल्याला ते उत्तर फारच मिळमिळीत वाटलं. प्रश्न विचारणारा आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचं उत्तर माझ्याकडून राहिलं होतं.

सरांचं बरोबर होतं. लढाईत शत्रूवर गोळी झाडली म्हणून युद्धकैद्याला शिक्षा करता येत नाही. निःशस्त्र माणसांची कत्तल, बलात्कार, हे मात्र गुन्हे. ते चालवायला बांगलादेशानं जुलै १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरण कायदा केला. त्यासाठी आधी राज्यघटना दुरुस्त करावी लागली. घटना अमलात येऊन जेमतेम सात महिने झाले होते आणि ती पहिलीच दुरुस्ती! कारण उघड आहे. कृत्य १९७१ चं, कायदा १९७३ चा. कृत्यानंतर केलेल्या कायद्यानं शिक्षा नाही, हे संरक्षण घटनेनं सगळ्यांना दिलं होतं. या आरोपींपुरतं ते काढून घेतलं.

एवढ्यावर थांबले नाहीत. या खटल्यांना पुराव्याचा कायदा लागू नाही, असं कलम घातलं. वर्तमानपत्रातली बातमी, फोटो, फिल्म, सगळं पुरावा म्हणून चालेल. चाळीस वर्षं फौजदारी वकिली केलेला मी, हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा दचकलो. माझ्या अशिलाविरुद्ध कोणी नुसतं कात्रण पुढे केलं असतं तर मी कोर्ट डोक्यावर घेतलं असतं. पण जिथं गावंच्या गावं जाळली, तिथं पंचनामा करायला कोण होतं, हाही प्रश्न आहेच. मी अजून या दोन्हींच्या मध्ये उभा आहे.

आता आरोपी. ९३ हजारांतून १९५ जण खटल्यासाठी निवडले होते. ते आपल्या ताब्यात, भारतातल्या छावण्यांत. त्यांना ढाक्याच्या हवाली करू नये म्हणून पाकिस्तान भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दुसरीकडे हजारो बंगाली कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं पाकिस्तानात अडकलेली. बांगलादेशाला पाकिस्तानची मान्यता हवी होती, संयुक्त राष्ट्रांत जागा हवी होती आणि तिथं चीननं नकाराधिकार वापरला होता. अशा वेळी कायद्याचं पुस्तक किती जाड आहे, हे कोणी बघत नाही. ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत तीन देशांचा करार झाला. पाकिस्ताननं खेद व्यक्त केला, बांगलादेशानं क्षमाभाव म्हणून खटले सोडून दिले. १९५ जण घरी गेले. त्यांच्यातला एकही त्या न्यायाधिकरणापुढे कधी उभा राहिला नाही. तेव्हा आपण दहावीची परीक्षा देत होतो. या बातमीवर वर्गात चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही.

कायदा मात्र कोणी रद्द केला नाही. नुसता पडून राहिला. २००९ मध्ये शेख हसीनांच्या सरकारनं त्यात बदल केले आणि २०१० मध्ये न्यायाधिकरण नेमलं. आरोपी आता पाकिस्तानी अधिकारी नव्हते, त्यांना साथ दिल्याचा आरोप असलेले बांगलादेशीच होते. त्यातला अब्दुल कादर मुल्लाचा खटला बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला जन्मठेप झाली. फाशी हवी म्हणून ढाक्याच्या शाहबाग चौकात तरुणांचा समुद्र जमला. त्याच महिन्यात, शिक्षा वाढवण्यासाठी सरकारला अपील करता येईल, असा बदल मागच्या तारखेपासून केला गेला. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं फाशी सुनावली, डिसेंबरात ती दिली. त्याच्यावर सिद्ध झालेले गुन्हे ऐकवणार नाहीत इतके भयंकर आहेत. तरीही निकाल लागल्यावर अपिलाचा नियम बदलणं मला वकील म्हणून आजही पटत नाही.

आणि गेल्याच महिन्यातली गोष्ट. १७ नोव्हेंबरला याच कायद्याखाली, याच न्यायाधिकरणानं खुद्द शेख हसीनांना फाशी सुनावली. गुन्हा १९७१ चा नव्हे, २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनातल्या हत्यांचा. कायदा वडिलांच्या सरकारनं केलेला, न्यायाधिकरण मुलीच्या सरकारनं नेमलेलं. आरोपी गैरहजर, भारतात. बचावासाठी सरकारनंच नेमलेला वकील.

तर मागच्या बाकावरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. सर आज असते तर मी त्यांना हे कलमांसकट सांगितलं असतं. त्यांनी बहुतेक आधी माझं शुद्धलेखन तपासलं असतं.