धामणीच्या डोळ्यावरचा दुधाळ पडदा

नांदेड-लातूरच्या शिवारात निळसर, दुधाळ डोळ्यांची धामण दिसली, तर ती आंधळी झाली असं समजू नका. बहुधा ती कात टाकणार असते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर निघतो. या दिवसांत तिला नीट दिसत नाही, म्हणून ती बिथरते. तिच्यापासून लांबच राहा.

हवा फार कोरडी असली की कात तुकड्यांनी सुटते, जुना खवला डोळ्यावर चिकटून राहतो. सर्पमित्रांनो, तो चिमट्याने ओढू नका, डोळाच जाईल! पशुवैद्यकाला दाखवा. धामण, नाग, घोणस घरी पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जखमी साप दिसल्यास वनविभागाला 1926 वर कळवा.