पावणेचार इंचांचा इतिहास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून कित्येकींना हसू आले असेल. विज्ञानपटांतील पात्रांच्या बाहुल्या, आणि त्याही मोठ्या माणसांनी जमवायच्या! पण ज्या घरात तिशी ओलांडलेला मुलगा किंवा कमावती सून पगारातले पैसे खर्चून चिमुकले यंत्रमानव आणते आणि काचेच्या कपाटात मांडते, अशी घरे आता आपल्या वस्तीतही आहेत. "एवढा घोडा झाला तरी बाहुल्या सुटत नाहीत," असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. हा विषय तेवढ्याने संपत नाही, आणि त्याचा आपणां बायकांशी फार जवळचा संबंध आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम नावाकडे पाहू. या बाहुल्यांना 'ॲक्शन फिगर' म्हणतात. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा सुमारे बारा इंची सैनिक बाजारात आणला. त्याचे हातपाय वळत, कपडे बदलता येत. म्हणजे सर्वार्थाने ती बाहुलीच होती. परंतु मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत आणि बापही विकत घेऊन देणार नाही, ही भीती होती. म्हणून 'बाहुली' हा शब्दच टाळला आणि नवे नाव काढले. वस्तू तीच, मुलीच्या हातात ती बाहुली, मुलाच्या हातात ॲक्शन फिगर!

पुढची हकीगत सिनसिनाटी शहरातील केनर या कंपनीची. तिचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी तिची एक वस्तू आपल्याला ओळखीची वाटेल. १९६३ साली तिने मुलींसाठी एक लहानशी भट्टी काढली. साध्या विजेच्या दिव्यांच्या उष्णतेवर तीत खरोखरीचा केक भाजला जाई. आपली भातुकलीच म्हणा ना! याच कंपनीने 'स्टार वॉर्स' या चित्रपटाच्या बाहुल्या करण्याचा हक्क घेतला. चित्रपट १९७७ च्या मे महिन्यात लागला आणि त्याने असा काही कल्लोळ उडवला की नाताळ तोंडावर आला तरी बाहुल्या तयार नव्हत्या. तेव्हा कंपनीने दुकानांत एक पुठ्ठ्याचे पाकीट विकले. त्यात बाहुली एकही नव्हती. एक चित्रांचा पुठ्ठा होता आणि एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवले की १९७८ साली चार बाहुल्या घरी येणार! वचनावर खेळणी विकली गेली आणि मुलांनी वाटही पाहिली.

या बाहुल्यांची उंची बारा इंच नव्हती, सुमारे पावणेचार इंच होती. त्यामुळे प्लास्टिक कमी लागे, किंमत आवाक्यात राही, आणि बाहुली बसू शकेल असे अंतराळयान करणेही शक्य होई. मान, दोन खांदे आणि मांडीचे दोन सांधे, एवढे पाचच सांधे वळत. आज 'रेट्रो', म्हणजे जुन्या घाटाच्या, ज्या नव्या बाहुल्या निघतात, त्या हीच उंची, हे पाच सांधे आणि तसाच चित्रांचा पुठ्ठा मुद्दाम राखतात. याहून कितीतरी सुबक, बोटे वळवणाऱ्या बाहुल्या आज करता येतात. तरी संग्राहकाला तो साधेपणाच हवा असतो.

आता एक हिशेब करू. त्या पहिल्या संचात एकूण बारा बाहुल्या होत्या. त्यांत स्त्री किती? एक. राजकन्या लिया. बाकीचे वीर, खलपुरुष, शिपाई, यंत्रमानव आणि केसाळ प्राणी. चित्रपटातच बायका थोड्या होत्या हे खरे. पण खेळण्याच्या दुकानात उभ्या राहिलेल्या मुलीला ते कारण कोण सांगणार? तिला बारांतली एकच दिसे.

यापुढची गोष्ट मला या सगळ्या छंदाचे मर्म वाटते. १९७९ साली 'एलियन' नावाचा चित्रपट आला. त्याची नायिका रिप्ली ही मालवाहू अंतराळयानावरची अधिकारी. सगळे सोबती गेल्यावर जी आपल्या अकलेने आणि धैर्याने जिवंत राहते, ती ही बाई. केनर कंपनीने या चित्रपटाच्याही पावणेचार इंची बाहुल्या करावयास घेतल्या. नमुने तयार झाले. परंतु चित्रपट भयंकर, प्रौढांसाठीचा. त्यातल्या अक्राळविक्राळ प्राण्याची अठरा इंची प्रतिमा तेवढी बाजारात आली आणि ती पाहून आईबाप संतापले. लहान बाहुल्यांचा बेत रद्द झाला. रिप्ली पुठ्ठ्यावर चढलीच नाही.

ते नमुने मात्र नाहीसे झाले नाहीत. संग्राहकांनी ते जपले. आणि २०१३ साली सुपर सेव्हन या कंपनीने त्या जुन्या नमुन्यांवरून, १९७९ साली जशा निघाल्या असत्या तशाच, त्या बाहुल्या काढल्या. १९७९ साली अडलेली ती रिप्ली चौतीस वर्षांनी दुकानात आली! पुढे फंको कंपनीच्या साथीने याच धर्तीवर 'टर्मिनेटर', 'बॅक टु द फ्यूचर' अशा जुन्या चित्रपटांच्या बाहुल्या निघाल्या. २०१९ पासून हॅस्ब्रोनेही 'स्टार वॉर्स'ची जुन्या घाटाची माला सुरू केली. ज्या एका सेनापतीची बाहुली मूळच्या जुन्या मालेत निघाली नव्हती, तीही तीत केली.

तेव्हा भगिनींनो, या नव्या-जुन्या बाहुल्या म्हणजे नुसती नक्कल नव्हे. त्या वेळी जे व्हावयास हवे होते आणि झाले नाही, ते उशिरा का होईना भरून काढण्याचा तो यत्न आहे. जाणता संग्राहक कपाटात काय आहे याबरोबरच काय नाही हेही पाहतो. जागा रिकामी का राहिली, हे तो शोधतो. आणि ती रिकामी जागाच त्या काळाविषयी खरे सांगून जाते.

हे जुनेपुराणे झाले असे कोणी समजू नये. २०१५ साली 'स्टार वॉर्स'चा नवा चित्रपट आला. त्याची नायिका रे ही तरुणी. तरी त्या निमित्ताने निघालेल्या मोनोपोली या खेळातील चार मोहऱ्यांत तिचा पत्ता नव्हता. अमेरिकेतल्या एका आठ वर्षांच्या मुलीने कंपनीला पत्र लिहून विचारले, नायिकेलाच कसे वगळले? ते पत्र जगभर गाजले आणि २०१६ च्या जानेवारीत कंपनीला रे खेळात घालण्याचे आश्वासन द्यावे लागले. पत्र लिहिण्याइतकी हिंमत त्या मुलीला घरातूनच मिळाली असणार, असे मला वाटते.

पैशाविषयीही बोलले पाहिजे, कारण घरात वाद होतो तो त्यावरूनच. 'स्टार वॉर्स'मधील बोबा फेट या पात्राचा, पाठीवरून क्षेपणास्त्र उडणारा एक नमुना २०२४ साली अमेरिकेत ५ लाख २५ हजार डॉलरांना विकला गेला. तो इतका दुर्मिळ का? तर असली बाहुली कधी विकलीच गेली नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका खेळण्यातले असेच क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावले होते. म्हणून ती थांबवली. म्हणजे त्या किमतीमागे मुलाच्या जिवाची काळजी आहे. परंतु असल्या बातम्या वाचून कोणी बाहुल्यांत पैसे गुंतवू नयेत. नव्या बाहुल्या पुष्कळ निघतात. सगळ्यांना भाव येत नाही. पायावर किंवा पाठीवर कंपनीचे नाव आणि सन यांचा ठसा असतो, तो वाचावा, आणि नव्याला जुन्याचे दाम देऊ नये. जुन्या बाहुल्यांवर नकली झगे आणि नकली शस्त्रे चढवून फसवणूकही होते.

जपणुकीच्या बाबतीत आपण कोणाला हार जाणार नाही. पैठणीला जे नियम तेच येथे: ऊन लागू देऊ नये, पावसाळ्यात ओल येऊ देऊ नये. उन्हाने पांढरे प्लास्टिक पिवळे पडते, ओलीने पुठ्ठा वाकतो. मळलेली बाहुली कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. मात्र अंगावर चिकटचित्र असेल तर पाणी लावू नये.

आपल्याकडचा एक दुवाही सांगते. १९८७ साली एम. आर. एफ. आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल कंपनी काढली. तिचा एक कारखाना गोव्यात. तिने भारतात केलेले पावणेचार इंची 'जी. आय. जो' शिपाई निराळ्याच रंगसंगतीमुळे आज परदेशी संग्राहक हौसेने शोधतात. तेव्हा या दिवाळीला माळा झाडताना एखादा शिपाई हाती लागला, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी मुलांना विचारा. केवळ त्याच्या किमतीसाठी नव्हे; आपल्या मुलांचे बालपण कशाने भरले होते, त्याची ती नोंद आहे म्हणून.

आणि शेवटी एक विनंती. मुलाचे किंवा सुनेचे ते काचेचे कपाट दिसले की "पसारा" म्हणून पाठ फिरवू नका. जवळ जा, नावे विचारा, आणि मग एक प्रश्न जरूर करा: "यात बायका किती?" उत्तर थोडे आले तर रागवू नका, रिप्ली कोण ते त्यांच्याकडून ऐकून घ्या. घरात नात असेल तर तिलाही शेजारी उभी करा. पुढच्या वाढदिवसाला दुकानात गेल्यावर तिने आपले बोट धरून मुलांच्या म्हटलेल्या फळीकडे नेले, तर तिला अडवू नका. तेथे तिची जागा रिकामी असेल, तर ती का रिकामी आहे हे दुकानदाराला मोठ्याने विचारण्याची सवय आपण दोघींनी मिळून लावून घेऊ.