वाटणीआधी नकाशा पाहा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला साधा शाळामास्तर. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तरीही आज संगणकाच्या हार्ड डिस्कवर बोलायला उभा राहिलो, याचे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक. ती प्रथम कबूल करतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपल्या पुष्कळ घरांतील जुन्या यंत्रांत ते नाही. यंत्र धडधाकट, पण त्याची प्रणाली निवृत्त, अशी ही अवस्था. अशा यंत्रावर लिनक्स विनामूल्य बसविता येते. १९८८ साली आपल्या पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले असून त्यात मराठीचीही सोय आहे.

दहावीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, घरच्या संगणकावर लिनक्स टाकू का?" मी तासाला निघालो होतो. चालता चालता म्हणालो, "टाक की! विचारील त्याला 'पुढे, पुढे' म्हणत जा." तो तसाच म्हणत गेला. एका पडद्यावर 'संपूर्ण डिस्क पुसून स्थापना करा' असे होते. त्यालाही तो 'पुढे' म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याचे अब्बा शाळेत आले. आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, "सर, पोराने तुम्हाला विचारूनच केले म्हणतो. त्याच्या दादीचे सगळे फोटो त्यातच होते. आता दादी नाही. काही परत मिळेल का?" थोडे मिळाले, बरेच गेले. त्या दिवसापासून मी हा विषय शिकलो. जे शिकलो ते सांगतो.

आपल्या पेठांतले वाडे आठवा. भावाभावांत वाटणी झाली तरी प्रत्येक वेळी मध्ये भिंत उभी राहते असे नाही. वाटणी कागदावर असते. हार्ड डिस्कचेही तसेच आहे. आत भिंत नसते. डिस्कच्या आरंभी एक तक्ता असतो, त्यात कोणता विभाग कुठून कुठपर्यंत, एवढे लिहिलेले असते. या विभागास 'पार्टिशन' म्हणतात.

तक्ते दोन प्रकारचे. जुना एमबीआर. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटच्या डिस्कसह आला, त्या काळची ही पद्धत. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघे ६४ बाइट या तक्त्याला मिळतात. एका नोंदीस १६ बाइट, म्हणून नोंदी चारच. अधिक विभाग हवे असतील तर चारांपैकी एकाला 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात उपविभाग पाडावे लागतात. शिवाय सुमारे २ टेराबाइटच्या पुढे हा तक्ता सहसा पोचत नाही. नवा तक्ता जीपीटी. त्यात साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते, आणि तक्त्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

नव्या पद्धतीच्या विंडोज यंत्रात काय दिसते? आरंभी शंभर ते काहीशे मेगाबाइटचा 'ईएफआय' विभाग. हा वाड्याचा दिंडी दरवाजा. यंत्र सुरू होताना येथूनच आत शिरते. लहान दिसतो म्हणून तो पुसू नये. मग सी, असल्यास डी, आणि बहुधा दुरुस्तीसाठी राखलेला एक विभाग. लिनक्समध्ये सी, डी ही नावे दिसत नाहीत. 'एसडीए१', 'एसडीए२' अशी काही दिसतात. येथेच नवखा गोंधळतो. म्हणून विभाग ओळखावा तो त्याच्या आकारावरून आणि प्रकारावरून. विंडोजचा विभाग 'एनटीएफएस' प्रकारचा असतो. आकार पाहतानाही एक ध्यानात ठेवा. ५०० जीबीची डिस्क विंडोज ४६५ दाखविते. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, इतकेच. कोणी चोरी केलेली नसते.

आता प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी.

पहिली : फोटो, दाखले, गुणपत्रके यांची प्रत यंत्राबाहेर काढा. डी विभागात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. वाड्याला आग लागली तर शेजारच्या खोलीतली पेटीही जळते.

दुसरी : विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि दिसणारे सर्व विभाग आकारासह वहीत उतरवून घ्या.

तिसरी : दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील तर विंडोजमध्येच सी विभाग लहान करून जागा मोकळी करा. 'बिटलॉकर' चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

चौथी : स्थापनेच्या वेळी स्वतः विभाग निवडण्याचा पर्याय घ्या. मोकळ्या जागेत प्रणालीसाठी ४० जीबीच्या आसपास एक विभाग करा आणि उरलेल्या जागेत आपल्या फाइलींसाठी 'होम' हा वेगळा विभाग. पुढे प्रणाली बदलावी लागली तर पहिलाच पुसायचा, 'होम' तसाच राहतो. ईएफआय विभाग वापरायचा, पण 'फॉरमॅट' करायचा नाही.

पाचवी : शेवटी काय काय बदलणार याची यादी येते. ती वहीशी ताडून, घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. शंका आली तर मागे फिरा.

इतके करूनही चूक झालीच, तर यंत्र ताबडतोब बंद करा. नुसता तक्ता पुसला गेला असेल तर आतला मजकूर बहुधा जागेवर असतो, आणि 'टेस्टडिस्क'सारख्या साधनाने विभाग पुन्हा सापडू शकतो. मात्र त्यावर नवे काही लिहिले गेले की ते परत येत नाही. एसएसडी असेल तर ही आशा आणखी कमी. त्या विद्यार्थ्याने नव्या लिनक्सवर दोन दिवस काम केले होते. आमचे नुकसान तेथेच वाढले.

पालकांना एक विनंती. असे काही घडले म्हणून मुलाला संगणकापासून दूर करू नका. त्या गृहस्थांनी तसे केले नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. तोच मुलगा परवा एका मित्राच्या घरी लिनक्स बसवायला गेला. जाताना मला वही दाखवून गेला. पहिल्या पानावर मित्राच्या डिस्कचा नकाशा होता आणि खाली लिहिले होते : 'फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. उघडून पाहिले.'

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही तशी एक वही करा. आणि एखादा मास्तर घाईघाईत "पुढे, पुढे" म्हणाला, तर त्याला अवश्य थांबवा.