नळ, पोस्टकार्ड आणि राजमाचीचे काजवे

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी भांडी घासताना मला लावून ठेवलं असेल. मला दोन्ही चालतं. (हसते)

आजचा भाग खरं तर मजेचा होणार होता. विषय ठरला होता उन्हाळी शिबिर. झालं असं, की दोन आठवड्यांपूर्वी आमच्या लहानपणीच्या शिबिराचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. कुणाच्या तरी आईला कपाट आवरताना एक फोटो सापडला. २००३ चा मे महिना, राजमाची, श्रीवर्धनचा बालेकिल्ला, आणि तटावर ओळीने बसलेली आम्ही काळीठिक्कर पडलेली पोरं. दोन दिवसांत ग्रुपवर तीसएक जण जमले. तेव्हाची मुलं, तेव्हाचे दादा आणि ताया. मी म्हटलं, वा, आपला एपिसोड आयताच तयार! सगळ्यांच्या आठवणी गोळा करायच्या आणि सांगायच्या. पण एका आठवणीपाशी मी अडकले. ती सांगतेच, पण क्रमाने.

आधी जागा सांगते. राजमाची म्हणजे लोणावळ्याजवळचा किल्ला. बोरघाटावर नजर ठेवणारा. एकाच डोंगरावर दोन बालेकिल्ले आहेत, श्रीवर्धन आणि मनरंजन. मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि खाली उधेवाडी हे गाव. कर्जतकडून आलात तर कोंढाण्याच्या लेण्यांवरून खडी चढण आहे. लोणावळ्याकडून वाट लांब, पण बरीचशी सपाट. आम्हाला लोणावळ्याकडून नेलं होतं. पुण्याहून पहाटेची लोकल, मग तुंगार्लीवरून चालत पंधराएक किलोमीटर. दहा-अकरा वर्षांची पोरं! आणि पाठीवर आईने भरलेली सॅक. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, 'खाऊ आणू नये'. माझ्या सॅकमध्ये बेसनाचे वीस लाडू होते. पहिल्याच विश्रांतीला दादाने सगळ्यांच्या सॅक उघडायला लावल्या, आणि माझे लाडू अडतीस जणांत संपले.

ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज कशावर आले असतील? जेवणावर. तांदळाची भाकरी आणि पिठलं. पानात टाकायचं नाही, हा नियम. आपलं ताट आपण राखेने घासायचं. एकीने लिहिलं, "मी वांगं पहिल्यांदा तिथे खाल्लं, कारण दुसरं काही नव्हतंच." पहाटे साडेपाचची शिट्टी, लेझीम, श्रमदान, दुपारी झाडाखाली गोष्टी, रात्री शेकोटी. करवंदांच्या जाळीत हात ओरबाडून घेतलेले. आणि बिबट्या! अर्धा ग्रुप म्हणतो आम्ही बिबट्याचे डोळे पाहिले, अर्धा म्हणतो ते गावातलं मांजर होतं. आमच्या एका ताईने शेवटी कबूल केलं, "अरे, ती मी होते. बॅटरी घेऊन तुम्हाला मोजायला आले होते."

आणि मग पाणी. मे महिन्यात सह्याद्रीत पाणी म्हणजे काय, हे शहरातल्या पोराला सांगून कळत नाही. इथे पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण काळ्या कातळावरून सगळं वाहून जातं. मेमध्ये विहिरी तळाला जातात. गावातल्या बायका डोक्यावर हंडा, त्यावर कळशी घेऊन किती खेपा करायच्या ते आम्ही रोज बघायचो. आम्हाला आमचं पाणी आम्हीच आणायचं होतं. दोघांनी मिळून काठीला अडकवून एक हंडा. आंघोळ तीन दिवसांतून एकदा, तीही एका बादलीत. कुणी पाणी सांडलं की सगळे त्याच्यावर धावून जायचे.

आता इथे तो मुलगा येतो. त्याचं नाव सांगत नाही, त्याने तसं सांगितलंय. आमच्याच गटात होता. पहिल्या रात्री तो रडला. त्यात काही विशेष नाही, पहिल्या रात्री निम्मे रडतात. दुसऱ्या रात्रीही रडला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या रांगेत मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कशाला एवढं लांब जायचं? आपल्याकडे आहे की नळ!"

(थांबते)

सगळे हसले. मला फार भारी वाटलं. आणि त्या क्षणापासून त्याचं नाव पडलं, नळ. मग कुणी काही ठरवलं नाही. एकाने म्हटलं म्हणून दुसऱ्याने म्हटलं. 'नळ आला', 'नळ गळतोय', 'नळाखाली बादली लावा'. एक दादासुद्धा हजेरी घेताना चुकून तेच बोलला, आणि परत सगळे हसले. तसं प्रत्येकालाच टोपणनाव होतं. मला चष्म्यावरून 'दुर्बीण' म्हणायचे. मला ते आवडायचं. म्हणून मला वाटलं, त्यालाही चालत असेल.

त्याच दिवशी दुपारी पोस्टकार्डं वाटली. तुमच्यापैकी काहींनी पोस्टकार्ड हातातही घेतलं नसेल. पन्नास पैशांचं पिवळट कार्ड, त्यावर घरचा पत्ता, आणि आईबाबांना पत्र. दादा सामान आणायला लोणावळ्याला जाईल तेव्हा पेटीत टाकेल, असं सांगितलं. आम्ही खूप मन लावून लिहिलं. मी लाडवांची गोष्ट लिहिली. शेजारी तो बसला होता. त्याने एक अख्खी बाजू बारीक अक्षरात भरली, पत्त्याच्या बाजूलाही लिहिलं. मी वाकून बघायला गेले तर त्याने हाताने झाकलं.

त्यानंतर त्याच्यात एक बदल झाला. तो पाण्याच्या खेपांना सगळ्यांच्या आधी उभा राहायचा. दुसऱ्याची पाळी असली तरी जायचा. आम्हाला वाटलं, रमला. दादांनी शेकोटीला त्याच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या.

शेवटून दुसऱ्या रात्री काजवे दिसले. हे मात्र सांगितलंच पाहिजे. मेचा शेवट, पावसाच्या तोंडावरचे दिवस, हवा दमट झालेली. दादाने सगळ्यांच्या बॅटऱ्या गोळा केल्या आणि आम्हाला गावाबाहेर नेऊन अंधारात बसवलं. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. डोळे अंधाराला सरावले आणि समोरचं हिरड्याचं झाड पेटलं. म्हणजे खरंच पेटल्यासारखं. हजारो काजवे, एकदम चमकायचे, एकदम विझायचे. मग शेजारचं झाड. असं वाटायचं, कुणीतरी लांबून बटण दाबतंय.

काजवा म्हणजे माशी नाही बरं का, भुंग्यांच्या जातीचा किडा. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उजेड पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. नर चमकून मादीला खूण करतो, मादी उलट चमकून उत्तर देते. त्यांचा सगळा संसार त्या खुणेवर चालतो. म्हणून हात जोडून सांगते, काजवे बघायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. तुमच्या उजेडात त्यांची खूण हरवते. आणि फोटोत तसंही काही येत नाही.

तर त्या रात्री तो माझ्या शेजारी होता. नियम मोडून हळूच म्हणाला, "यांना कळतं कसं, कधी एकदम लागायचं ते?" मी म्हटलं, "गप रे नळा." एवढंच. ही माझी त्याच्याशी झालेली शेवटची गोष्ट.

आता ग्रुपवर येऊ. आठवणींचा पाऊस चाललाय, बिबट्या, पिठलं, हसण्याचे इमोजी. आणि एका नंबरवरून मेसेज येतो, "शिबिरात लिहिलेली पोस्टकार्डं कुणाच्या घरी पोचली होती का?" नाव वाचून मी ओळखलं नाही. कारण मला त्याचं खरं नाव आठवतच नव्हतं. हळूहळू एकेकाने लिहिलं. नाही. नाही. आमच्याकडेही नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या दादाचा व्हॉइस नोट आला. आता त्यांचं वय साठीच्या पुढे आहे. म्हणाले, "खरं सांगतो. आम्ही ती कार्डं टाकलीच नाहीत. दरवर्षी दहा-बारा पोरं लिहायची, मला न्यायला या. कार्ड पोचेपर्यंत पोर रमलेलं असायचं आणि आईबाप धावत यायचे. एका वर्षी तसं झालं, म्हणून ठरवलं की कार्डं शेवटच्या दिवशी पालकांच्या हातात द्यायची. त्या वर्षी निघायच्या गडबडीत पिशवी राहून गेली. पण आम्ही कुणाचंही पत्र वाचलं नाही, हे देवाशप्पथ. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हा आमचा नियम होता."

मी ते तीनदा ऐकलं. आणि मग मी त्याला फोन लावला. आवंढा गिळून म्हटलं, "मी दुर्बीण बोलतेय. ते नाव मी पाडलं होतं." तो म्हणाला, "मला माहितीये." अगदी शांतपणे. मी विचारलं, "तू काय लिहिलं होतंस?" तो म्हणाला, "लिहिलं होतं की मला सगळे नळ म्हणतात, मी सगळ्यांचं पाणी आणतो तरी म्हणतात. तू ये." मग थोडा वेळ दोघंही गप्प. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमच्यावर राग नव्हता गं फारसा. पोरंच होतो आपण. मला राग आईचा होता. मला वाटलं, तिने वाचलं आणि तरी ती आली नाही."

त्याने आईला कधी विचारलं नाही. घरी गेल्यावर ती म्हणाली, "मजा आली ना रे?" आणि तो हो म्हणाला. त्यानंतर तिला अशा गोष्टी सांगायच्या नाहीत, असं त्याने ठरवून टाकलं. शाळेतलं नाही, कॉलेजातलं नाही, काहीच नाही. वीस-बावीस वर्षं. परवा दादांचा व्हॉइस नोट ऐकल्यावर तो तिच्याकडे गेला आणि विचारलं. ती म्हणाली, "कसलं पत्र?"

(थांबते)

मला दादांना दोष देणं सोपं आहे. पण मी पुढे २०११ आणि २०१२ ला तिथेच ताई म्हणून गेले होते. आणि मी काय केलं ते सांगते. एक मुलगी रडत होती, घरी फोन लाव म्हणत होती. तेव्हा रेंजसाठी बालेकिल्ल्यावर चढावं लागायचं. मी म्हटलं, "उद्या लावू हं." उद्या म्हटलं, "संध्याकाळी." चौथ्या दिवशी तिने विचारणं सोडलं. मी रात्रीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, रमली. मीटिंगमध्ये सगळे खूश. ती खरंच रमली होती का, मला आजही माहीत नाही. मी तिला बाजूला घेऊन एकदाही विचारलं नाही, की बाई गं, झालंय काय?

शिबिरं वाईट असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून, बाबा आमट्यांची सोमनाथची छावणी, गावोगावची छोटी शिबिरं, यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांना पहिल्यांदा घराबाहेर काढलं. भाकरी कशी होते, पाणी कुठून येतं, हे मला शाळेने नाही, उधेवाडीने शिकवलं. आणि बहुतेक रडणारी पोरं तिसऱ्या दिवशी खरंच रमतात, हा दादांचा अनुभव खोटा नाही. पण सगळं रडणं घरच्या आठवणीचं नसतं. 

तुमच्यातले बरेच जण या मेमध्ये कुठल्या ना कुठल्या शिबिरात दादा-ताई म्हणून जाणार आहात, मला मेसेज येतात. त्यांना तीनच गोष्टी सांगते. जो अचानक सगळ्यांची कामं करायला लागलाय, त्याच्याशी एकट्याशी बोला. मुलांनी पाडलेलं नाव तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. आणि पत्र लिहायला सांगितलंत, तर ते टाका. उशिरा पोचेल, आईबाप घाबरतील, घाबरू देत. टाकणार नसाल तर लिहायला सांगू नका.

फोन ठेवताना मी त्याला म्हटलं, "काजव्यांना कसं कळतं विचारलं होतंस ना? त्यांचा म्होरक्या नसतो. प्रत्येक जण शेजारच्याचं बघून आपला ठेका जुळवतो." तो हसला. म्हणाला, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर."

मेच्या शेवटी ग्रुपमधले काही जण राजमाचीला जातोय. तो येणार आहे, त्याच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन. आईलाही विचारलंय म्हणाला, पण तिचे गुडघे दुखतात, बघू.

आणि हो, तुमच्या शिबिरातल्या, वर्गातल्या कुणाचं नुसतं टोपणनाव आठवत असेल, तर आज त्याचं खरं नाव आठवून बघा. आठवलं तर एक फोन करा. 

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.